व्रण आणि विवेक

"फादर, जखम भरून येणं चांगलं की वाईट?"

राहुरी परिसरातील एका निवृत्त गुरुजींनी आजारभेटीच्या वेळी आम्हांला हा प्रश्न विचारला. आम्हांला प्रथम हसू आले, पण गुरुजी हसत नव्हते. पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाला रक्त पुरविणाऱ्या एका वाहिनीत अडथळा सापडला होता. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आधारे त्यांची अँजिओप्लास्टी झाली, वाहिनीत धातूच्या जाळीची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यात आला आणि गुरुजी घरी परतले. त्यांनी तंबाखू कायमची सोडली, पथ्य पाळले, गोळ्यांची एकही वेळ चुकविली नाही. तरीही थोडे चालले की छाती पुन्हा आवळू लागली. तपासणीत दिसले की वाहिनी नेमकी त्याच जागी पुन्हा अरुंद झाली आहे. डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितले की, हा चरबीचा नवा थर नव्हे; उपचार करताना वाहिनीला आतून जी जखम झाली, ती भरून येताना आतली वाढ प्रमाणाबाहेर झाली आहे.

"म्हणजे जखम जास्तच भरली म्हणायची," गुरुजी म्हणाले. "मी काही चुकलो नाही, डॉक्टर चुकले नाहीत. मग दोष कोणाचा?" आणि मग, बाई आत चहा करावयास गेल्याचे पाहून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "धाकट्याशी अबोला धरलाय मी. त्याची तर ही शिक्षा नसेल ना, फादर?"

जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न विचारला होता: पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले, हे गुरुजींना आमच्याइतकेच ठाऊक होते. तरीही अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तो नकार पुन्हा कोणाच्या तरी तोंडून ऐकावयाचा असतो. आम्ही "नाही" म्हणालो, प्रार्थना केली, आशीर्वाद दिला आणि निघालो. पण त्यांचा पहिला प्रश्न आमच्याबरोबर आला. जिथे प्रत्येकाने आपापले कर्तव्य चोख बजावले आहे, तिथे वाईट घडते कसे? सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, वैद्यक नव्हे. म्हणून परिचयातील एका डॉक्टरांकडे बसून आणि मिळाली ती पुस्तके चाळून आम्ही हा विषय समजून घेण्याचा प्रयत्न केला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हृदयाच्या या वाहिन्यांची रुंदी सुमारे तीन मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या लहानशा दाण्याएवढी. वाहिनीच्या भिंतीत मुख्यतः स्नायुपेशींचा थर असतो. रक्ताच्या बाजूने त्यावर एक अस्तर असते आणि ते केवळ एका पेशीच्या जाडीचे असते. हे अस्तर म्हणजे निव्वळ गुळगुळीत आवरण आहे असे पुष्कळ काळ मानले जाई. वस्तुतः ते अखंड बोलत असते. त्याच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अल्प प्रमाणात सोडत राहतात. या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराद या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा वायू भिंतीतल्या स्नायुपेशींना सैल राहण्याचा आणि वाढू नये असा संदेश देतो, आणि रक्तातील बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेट्सना, येथे चिकटू नका असे सांगतो. थोडक्यात, "सारे ठीक आहे, पुरे" हा निरोप ते अस्तर दिवसरात्र देत असते. तो निरोप चालू आहे तोवर स्नायुपेशी आपल्या जागी शांत असतात आणि वाहिनीचा ताण सांभाळण्याचे आपले काम करीत राहतात.

अँजिओप्लास्टीत अरुंद जागी फुगा नेऊन फुगवितात. अडथळा बाजूला दाबला जातो, वाट मोकळी होते. पण त्या दाबाने ते एकपदरी अस्तर खरवडले जाते आणि भिंतीला चिरा पडतात. उघड्या पडलेल्या भिंतीवर बिंबिका तत्काळ धावून येतात. त्या गळती थांबवितात आणि त्याच वेळी काही रेणू सोडतात. त्यांपैकी एक वृद्धिकारक रेणू १९७० च्या दशकात अमेरिकेतील सिअॅटल येथे रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला. स्नायुपेशीच्या पृष्ठभागावर असे रेणू स्वीकारणाऱ्या जागा असतात. रेणू तेथे येऊन बसला की पेशीच्या आत एका रेणूने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला जागे करावे अशी साखळी सुरू होते आणि निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो. तो निरोप असा: जखम झाली आहे, आपले नेहमीचे काम सोड, जखमेच्या जागी जा, तुझ्यासारख्या आणखी पेशी निर्माण कर. पेशी तसे करतात. त्या भिंतीतून आतल्या बाजूस सरकतात, वाढतात, आपल्याभोवती चिवट द्रव्य साठवितात, आणि काही महिन्यांत जखमेवर एक नवा थर चढतो. बहुतेकांच्या बाबतीत हा थर वेळीच थांबतो. काहींच्या बाबतीत तो थांबत नाही आणि भिंत सावरता सावरता वाटच बुजते.

मुळा धरणाच्या पाटावर ज्यांची शेती आहे त्यांना हे समजण्यास कठीण नाही. आवर्तन चालू असताना पाटाचा भराव खचला की रात्री-अपरात्री माणसे धावतात, मुरूम आणि माती टाकतात. ही धावपळ योग्यच असते, कारण पाणी वाया चाललेले असते. पण टाकलेली माती पाटाच्या आत किती उतरली हे पाहणारा कोणी नसेल तर फुटलेला काठ मजबूत होतो आणि खालच्या शेतकऱ्यास पाणी पोचत नाही. तेथे माती टाकणाऱ्यांपैकी एकाचाही हेतू वाईट नसतो.

वैद्यकाने या अडचणीशी दिलेला लढा बोधप्रद आहे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्यूरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरने हृदयाच्या वाहिनीतील पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी जाग्या असलेल्या रुग्णावर केली. तो फुगा त्याने आपल्या घरच्या स्वयंपाकघरात बसून तयार केला होता. त्या रुग्णाची वाहिनी दहा वर्षांनी तपासली तेव्हाही उघडी होती. पण पुढे सर्वांचे भाग्य तसे ठरले नाही. फुग्याने उघडलेल्या वाहिन्यांपैकी सुमारे एकतृतीयांश सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद होत. काही ताणलेल्या रबरासारख्या आक्रसत, काहींत आतली वाढ होई. १९८६ साली फ्रान्स व स्वित्झर्लंडमध्ये प्रथम धातूचे स्टेंट बसविण्यात आले. त्याच वर्षी भारतात डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कळरिक्कल यांनी अँजिओप्लास्टीचा प्रारंभ केला. स्टेंटमुळे वाहिनीचे आक्रसणे थांबले, परंतु आतली वाढ थांबली नाही. उलट भिंतीत कायमची रुतलेली ती जाळी हीच पेशींच्या दृष्टीने न संपणारी जखम ठरली.

मग शास्त्रज्ञांनी वाढ थांबविणारे औषध जाळीवरच लावण्याचा विचार केला. त्यांपैकी एका औषधाचा उगम मोठा विलक्षण आहे. पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटाची माती १९६४-६५ च्या एका कॅनेडियन मोहिमेने गोळा करून आणली. तिच्यातील एका सूक्ष्म जीवापासून डॉ. सुरेन सेहगल या भारतीय उपखंडात जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या चमूने एक द्रव्य वेगळे केले. बेटाच्या 'रापा नुई' या स्थानिक नावावरून त्याला 'रापामायसिन' म्हणू लागले. पुढे मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद होऊन संशोधनावर पाणी पडण्याची वेळ आली, तेव्हा सेहगलांनी तो जीव घरच्या फ्रीजमध्ये जपून ठेवला होता. हे द्रव्य पेशीत शिरून वाढीच्या निरोपाची साखळी मध्येच अडविते, आणि पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबते. त्याचा लेप दिलेले स्टेंट २००२-०३ पासून सर्वत्र वापरात आले आणि पुन्हा बुजण्याचे प्रमाण एकदम खाली आले. आपल्याकडे गरिबाला औषधाचा स्टेंट परवडत नसे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने साध्या स्टेंटची किंमत ७,२६० रुपये आणि औषधयुक्त स्टेंटची २९,६०० रुपये अशी कमाल मर्यादा ठरविली, तेव्हा तो अनेकांच्या आवाक्यात आला.

प्रश्न सुटला असे वाटत असतानाच २००६ साली बार्सिलोना येथील हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत चिंतेचा सूर उमटला. औषधयुक्त स्टेंट बसविलेल्या काही थोड्या रुग्णांत, वर्ष-दोन वर्षे उलटल्यावर, स्टेंटमध्ये अचानक रक्ताची गुठळी होत होती. औषध स्नायुपेशींना थांबवीत होते, परंतु त्याच वेळी ते अस्तराच्या पेशींनाही पुन्हा उगवू देत नव्हते. जखम बाहेरून शांत दिसे, आत धातू उघडाच राही. म्हणून आज स्टेंट अधिक बारीक तारांचे आणि औषध बेताचे असते, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्याच लागतात. आता बरे वाटते म्हणून, किंवा उपवासकाळ आहे म्हणून, स्वतःच्या मनाने त्या बंद करणे जिवावर बेतू शकते. हे आम्ही येथे मुद्दाम लिहीत आहोत, कारण तसे करणारे आमच्याही पाहण्यात आहेत.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. दोष कोणाचा? बिंबिकांनी दिलेली वार्ता खोटी नव्हती. जखम खरोखरच झाली होती. स्नायुपेशींनी आज्ञा पाळली. त्यांपैकी कोणालाही दोषी धरता येत नाही, आणि तरीही वाट बुजली. संत ऑगस्टीन तरुणपणी मनीच्या पंथात होते. जगात चांगल्याइतकीच स्वतंत्र आणि बलवान अशी एक वाईट शक्ती आहे, ही त्या पंथाची शिकवण. दीर्घ विचारान्ती संत ऑगस्टीन त्या शिकवणीपासून दूर झाले आणि त्यांनी मांडले की, वाईट ही स्वतंत्र वस्तूच नव्हे. जिथे जे चांगले असावयास हवे तिथे त्याचा अभाव, म्हणजे वाईट. सेमिनरीत हा सिद्धान्त आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता आणि तो काहीसा कोरडाही वाटला होता. गुरुजींच्या वाहिनीत तो आम्हांला प्रत्यक्ष दिसला. तेथे कोणी शत्रू शिरला नव्हता. तेथे 'पुरे' म्हणणारे अस्तर नाहीसे झाले होते. धावणारे सारे होते, थांबविणारा नव्हता.

संत थॉमस अक्वायनस यांनी नीतिविषयक सद्गुणांचा विचार करताना विवेकाला जे स्थान दिले त्याचे मर्मही येथे ध्यानी येते. परंपरेने विवेकाला सद्गुणांचा सारथी म्हटले आहे. धैर्य, न्यायबुद्धी, संयम हे सारे घोडे उमदे खरे. पण कोठे थांबावयाचे हे घोडा ठरवीत नाही. आपल्या घरांत आणि समाजात जे घडते त्याकडे या दृष्टीने पाहावे. आपल्यावर अन्याय झाला की चीड येते. ती चीड खरी वार्ता असते आणि ती येणे हे जिवंतपणाचे लक्षण आहे. आपण सावध होतो, आपली बाजू मजबूत करतो, पुन्हा दुखापत होऊ नये म्हणून भिंत जाड करतो. यात गैर काही नाही. पण भिंत कोठवर जाड करावयाची, हे सांगणारा कोणी उरला नाही की ज्या नात्याच्या रक्षणासाठी हे सारे आरंभिले तेच नाते बुजते. अनेक अबोले दुष्टपणातून आलेले नसतात. न थांबलेल्या स्वसंरक्षणातून ते आलेले असतात.

येथे एक फरक मात्र स्पष्ट केला पाहिजे. पेशीला इच्छा नसते, म्हणून तिला पापही नसते. माणसाला इच्छा असते. म्हणून शरीराच्या आजारात दोषी शोधणे व्यर्थ असले तरी अबोल्यात आपला वाटा कोणता हे आपल्याला विचारावे लागते. गुरुजींची वाहिनी त्यांच्या अबोल्यामुळे बुजली नाही. परंतु अबोला ही वेगळी जखम होती आणि तिच्यात आमचाही थोडा दोष होता, हे सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

दोघा भावांचा वाद शेताच्या बांधावरून होता. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या तोंडावर आम्ही दोघांना बोलावले, क्षमेविषयी चार शब्द सांगितले आणि वेदीसमोर त्यांचे हात एकमेकांच्या हाती दिले. दोघांनी ऐकले, कारण सांगणारे आम्ही होतो. बांधाची मोजणी झाली नव्हती, कोणाचे किती नुकसान झाले हे कोणी नीट ऐकून घेतले नव्हते. गाऱ्हाणे दाबले गेले आणि आम्हांला वाटले, समेट झाला. पुढच्या पेरणीच्या वेळी त्याच जागी असा भडका उडाला की तो थेट पोलिसांपर्यंत गेला. २००६ चा तो धडा वाचताना आम्हांला स्वतःचेच वर्तन आठवले. ज्याला लागले आहे त्याला नुसते गप्प बसविले तर सूज दिसत नाही, पण आतली जागा उघडीच राहते. दुखावलेल्या माणसाला, विशेषतः ज्याचे बळ कमी त्याला, न्यायाआधी शांततेचा उपदेश करणे ही क्षमेची शिकवण नव्हे. मंडळातील वडीलधारे, घरातील कर्ते आणि आम्ही धर्मगुरू यांनी हे वारंवार केले आहे.

मग करावे तरी काय? याचे उत्तरही आम्हांला त्या अस्तरानेच सुचविले. खरवडलेले अस्तर पुन्हा उगवते ते प्रामुख्याने जखमेच्या कडांकडून. जिथे ते शाबूत राहिले आहे तिथल्या पेशी हळूहळू आत पसरतात आणि उघडी जागा झाकतात. त्याला आठवडे लागतात, महिनेही लागतात. ते घाईने उगवत नाही, पण ते परतले की 'पुरे' हा निरोप पुन्हा सुरू होतो आणि स्नायुपेशी शांत होतात. नात्यांनाही असे एकपदरी अस्तर असते. "जेवलास का", "पाण्याची पाळी कधी आहे", पोरांनी न विचारता काकांच्या घरात शिरणे, सणाला ताट झाकून पाठविणे: हे सारे इतके पातळ असते की ते आहे हेच ध्यानात येत नाही. ते खरवडले गेले की मग उघड्या भिंती एकमेकींना भिडतात.

गुरुजींच्या घरी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा दुसरा स्टेंट बसून महिना झाला होता. या खेपेस आम्ही क्षमेवर बोललो नाही. बांधाची सरकारी मोजणी करून घ्यावी, तिचा निकाल दोघांनी मानावा आणि अर्ज दोघांच्या सहीने जावा, एवढेच सुचविले. आणि कडा कोठे शाबूत आहेत याची चौकशी केली. त्या शाबूत होत्या. दोन्ही जावा एकाच भिशीत होत्या आणि त्यांनी तीन वर्षांत एकमेकींशी बोलणे कधीच सोडले नव्हते. गुरुजींना दवाखान्यात नेले त्या रात्री गुरे बांधली ती धाकट्याच्या मुलाने. हे आम्ही तीन वर्षांत एकदाही विचारले नव्हते. आम्ही सरळ जखमेच्या मध्यभागी हात घातला होता.

मोजणी झाली. बांध थोडा थोरल्याकडे सरकला, थोडा धाकट्याकडे. दोघांपैकी कोणीही पूर्ण बरोबर नव्हता. त्यांची गळाभेट झाली नाही, आणि आम्ही ती घडवूनही आणली नाही. पण मागच्या आवर्तनाच्या वेळी धाकट्याने अंगणात उभ्या उभ्या विचारले, "दादा, रात्रीची पाळी मी धरू का? तुला जागरण नको." गुरुजींनी नुसती मान हलविली.

"जखम भरून येणं चांगलं की वाईट" या प्रश्नाला आता आम्ही असे उत्तर देऊ. भरून येणे चांगलेच, गुरुजी. पण थांबायचे कोठे हे सांगणारा आवाज जवळ असेल तर. तो आवाज मोठा नसतो, पातळ असतो. तो गेला असेल तर तो परत येईपर्यंत धीर धरावा, आणि तोवर गोळ्या चुकवू नयेत.